ठेकेदाराला कुठं सोडायचं?

खारपिंपरी, ता. दर्यापूर
सोमवार, १ डिसेंबर २०२५

ललिता,

फोन तू उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण तुला पत्र लिहायची पाळी कधी आली नव्हती, कारण चार दिवसांच्या वर तू कधी माहेरी राहिलीच नाहीस. आता साडेतीन महिने झाले. वर मायना काय लिहावा यातच माझा अर्धा तास गेला. शेवटी नुसतं नाव लिहिलं.

विषय कुत्र्याचा आहे, आपल्या ठेकेदाराचा. दुसरा कुठलाही नाही.

परवा तौहीद गाद्या भरायला गावात आला. तुमच्या सांगवीहूनच आला होता. ओट्यावर कापूस पसरता पसरता मला म्हणाला, "गोपालभाई, भाबी मिली थी. बोली, उसको छोड़ दो." एवढं बोलून तो कामाला लागला.

मी विचारलं, "किसको?" तर म्हणे, "कुत्ते को. और किसको?" मी घरात गेलो, पाणी प्यालो, परत बाहेर आलो. विचारलं, "छोड़ दो बोली, का छोड़ आओ बोली?" त्यानं डोकं खाजवलं. म्हणाला, "भाबी वऱ्हाडीत बोलली, मैंने हिंदी में याद रखा. छोड़ आओ बोली होगी शायद." संध्याकाळी तो गाठोडं बांधत होता तेव्हा मी तिसऱ्यांदा विचारलं, तर माझ्यावरच भडकला. "अरे भाई, छोड़ो ना! मी गादी भरू का तुमच्या घरचं भांडण भरू?"

आता तूच सांग, मी काय समजायचं? कुत्र्याला हाकलून दे असं म्हणाली असशील, तर ते मला पटत नाही. भाकरीचा पहिला तुकडा तू त्याला घालायचीस, मला नंतर. सांगवीला आणून सोड असं म्हणाली असशील, तर त्याचा अर्थ तू आता तिथंच राहणार, आणि तुला या घरातलं फक्त कुत्रं पाहिजे. परवा रात्री मला असंही वाटून गेलं, की तू कुत्र्याबद्दल बोललीच नसशील. 'त्याले म्हणा, सोडून दे,' म्हणजे झालं गेलं सोडून दे, असं मला सांगितलं असशील. पण मग वाटलं, एवढं चांगलं माझ्या नशिबात कुठलं?

ठेकेदाराची तब्येत बरी आहे. तू गेल्यापासून तो नदीकाठानं खालच्या अंगाला पळत सुटायचा. दोनदा मी त्याला तीन गावं पलीकडून आणलं. म्हणून आता ओट्याच्या खांबाला बांधून ठेवतो. भुंकत नाही, नुसता नदीकडे तोंड करून बसतो. नदीपलीकडे जायला आपल्या डोंग्यात माणसं चढू लागली की पूर्वी कसा काठावर उभा राहून देखरेख करायचा, ते बंद झालं. लोक विचारतात, ठेकेदार रजेवर आहे का?

तुझं उत्तर आलं नाही, तर गुरुवारी, अकरा तारखेला, मी त्याला घेऊन येईन. एसटीत कंडक्टर घेणार नाही, आणि तौहीदच्या ऑटोत तो गेल्या वर्षी ओकला होता ते तुला आठवतच असेल. तेव्हा डोंग्यानंच येईन.

घर खायला उठतं. हे लिहायचं नव्हतं, पण लिहिलं.

गोपाल


गुरुवार, ११ डिसेंबर
डोंग्यात, सकाळी

ललिता,

उत्तर आलं नाही. म्हणजे ये असं समजायचं, की येऊ नको असं? पत्र पोचलंच नसेल, ही तिसरी गोष्ट. मी निघालो आहे.

हे वहीत लिहितो आहे. पाणी संथ आहे, दोन-चार वेळा बांबू टेकला की डोंगा आपोआप लांब जातो, मग मांडीवर वही घेऊन चार ओळी होतात. भेटल्यावर तोंडातून काही निघणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून वही. आजवर अख्ख्या पंचक्रोशीला या काठावरून त्या काठावर नेलं आणि सगळ्यांशी बोललो. तुझ्याशी बोलायची वेळ आली की मी पाण्याची खोली सांगू लागतो.

ठेकेदार पुढच्या टोकाला बसला आहे. डोंगा अरुंद, त्यात तो धिप्पाड, त्यामुळे त्यानं मान वळवली तरी डोंगा डुलतो. उडी मारेल म्हणून मी त्याला पुढच्या कडीला दोरीनं बांधलं आहे. गाव मागं पडल्यापासून एकदाही त्यानं मागं पाहिलं नाही. मी मात्र चारदा पाहिलं.

दुपारी, बाभळीखाली

दरडी इथं उंच आहेत, वरचं काही दिसत नाही. वर कापूस वेचणाऱ्या बायकांचं बोलणं ऐकू येतं, पण बाया दिसत नाहीत. एकीनं "कोन हाये खाली?" म्हणून विचारलं. मी सांगितलं, डोंगेवाला. "कुठं चालले?" तर मी म्हणालो, सांगवीले. पुढं तिनं "कावून?" म्हणून कारण विचारलं, तर मी भाकरीचं फडकं सोडायला घेतलं.

भाकर खाल्ली. ठेकेदाराला अर्धी दिली, त्यानं नुसती हुंगली.

हे वळण तुला आठवत असेल. ऑगस्टात आपण इथूनच गेलो, तू डोंग्याच्या मधोमध बसली होतीस आणि पदर तोंडात धरला होतास. पाणी उतरलं होतं, तरी लाल होतं. आपण पोचलो तेव्हा तुझ्या मायला, मैनाबाईंना, स्मशानात नेऊन झालं होतं. त्या दिवशी फोन उशिरा आला, रेंज नव्हती, नाहीतर आपण आदल्या दिवशीच पोचलो असतो. ते जाऊ दे. आता ते कशाला?

तुझी तेरवीपर्यंत राहायची गोष्ट होती. तेरवी झाली, तुझे दादा महादेवराव म्हणाले, "जवाईबुवा, तुमी जा, ललिता येईन मागून." मी काठावर रोज पाहिलं. तू मागून आली नाहीस, आणि का आली नाहीस ते मला समजत नाही. म्हणजे, थोडं समजतं.

बंधाऱ्याजवळ, तीन वाजता

इथं एक गंमत झाली. बंधाऱ्यावरून डोंगा ओढून पलीकडं न्यावा लागतो. तिथं गोदाबाई म्हणून एक म्हातारी शेळ्या चारत होती. दोन माणसं तिनंच हाक मारून बोलावली. डोंगा ओढता ओढता तिनं विचारलं, "कुत्रं कोनाचं? कुठं नेता?" मी म्हणालो, "सोडाले चाललो."

बाईनं हातातली काठीच माझ्यावर उगारली. "लाज नाही वाटत का हो? एवढं घरचं कुत्रं, दोरीनं बांधून सोडाले चालले! आपलं गाव सोडून आमच्या गावात आनून टाकता?" मी घाईघाईनं म्हणालो, तसं नाही बाई, माझी बायको सांगवीला असते, तिच्याकडे सोडायचं आहे.

ती जरा थंड झाली. मग म्हणाली, "बायको असते म्हंजे? किती दिस झाले?" मी सांगितलं. ती म्हणाली, "मंग कुत्र्याचं नाव कावून घेता? बायकोले आनाले चाललो म्हना ना."

मी डोंगा पाण्यात ढकलला. इथून तुमचा घाट एक कोस आहे. ऊन सरळ डोळ्यांवर येतं आहे, समोरचं नीट दिसत नाही.


शनिवार, १३ डिसेंबर
बंधाऱ्याजवळ, सकाळी

ललिता,

तुला वाटत असेल मी कालच घरी पोचलो. नाही पोचलो. मी इथंच आहे, तुझ्यापासून एक कोसावर. डोंगा बंधाऱ्याच्या खालच्या अंगाला लावला आहे. वर चढवायला चार माणसं काल सकाळीच तयार होती, मीच म्हणालो, उद्या पाहू. आज पुन्हा आली, तेव्हाही तेच म्हणालो. गोदाबाईंच्या गोठ्याशेजारी झोपतो. त्या मला भाकर देतात आणि वर दोन शब्द ऐकवतात.

गुरुवारी घाटावर काय झालं ते तुला माहीत आहे, पण माझ्या बाजूनं काय झालं ते माहीत नाही.

तू पायऱ्यांवर धुणं धूत होतीस. ठेकेदारानं तुला माझ्या आधी ओळखलं. तो असा उसळला की डोंग्यात पाणी आलं. दोरी ताणली गेली, मी बांबू टाकून त्याला धरायला गेलो, आणि तू वरून ओरडलीस, "अहो, सोडा त्याले! फास बसन!" मी दोरी सोडली. तो पोहत गेला आणि तुझ्या धुण्यावर जाऊन लोळला. तू त्याला रागावली नाहीस. त्याच्या मानेवर दोरीनं केस गेले होते तिथं हात फिरवत बसलीस, आणि मला म्हणालीस, "तौहीदभाईजवळ एवढं सांगून धाडलं, सोडून द्या त्याले म्हनून. तरी बांधूनच ठेवलं?"

मी म्हणालो, "त्यासाठीच तर आणलं. सोडायला."

तू म्हणालीस, "आनाले कोनं सांगतलं? तौहीदभाई म्हने, ठेकेदाराले खांबाले बांधून ठेवते दिवसभर. मी म्हटलं, खांबाचं सोडून द्या म्हना. मोकळं ठेवा."

खांबाचं सोडायचं होतं, बस्स. मी दहा-बारा दिवस त्या एका शब्दाचा कीस काढला. तू मला सोडते आहेस, मला माफ करते आहेस, कुत्रं मागते आहेस, सगळं डोक्यात येऊन गेलं, आणि गाठ सोड एवढा सरळ अर्थ आला नाही. आणि येताना अख्खी वाट त्याला बांधूनच आणलं. मला तिथं हसू यायला पाहिजे होतं. तुलाही येत होतं, मी पाहिलं, तुझ्या ओठाच्या कोपऱ्यात आलंच होतं. मग तू ते आवरलंस आणि विचारलंस, "आनखी काही सांगाचं हाये?"

मी म्हणालो, नाही.

तू परत विचारलंस. "काहीच नाही?"

मी म्हणालो, पाणी कमी होत चाललं आहे, फेब्रुवारीत डोंगा चालणार नाही. मग म्हणालो, उन्हं उतरली, निघतो. तू ठेकेदाराला घेऊन वर गेलीस. आणि वही माझ्या खिशात होती, ती खिशातच राहिली. ललिता, मला स्वतःचा इतका राग येतो आहे की काय सांगू!

आता सांगतो. सांगून टाकल्याशिवाय मला या बंधाऱ्यावरून वरही जाता येत नाही आणि खालीही येता येत नाही.

त्या दिवशी फोन उशिरा आला नव्हता. रेंजही होती. सकाळचे दहा वाजले होते, तू तुरीत निंदायला गेली होतीस, तुझा फोन घरी चार्जिंगला होता. मी उचलला. महादेवराव म्हणाले, "मायचं काही खरं नाही. ललिताचं नाव घेऊन राहिली. रस्ता बंद हाये, डोंग्यानं घेऊन या."

मी तुला बोलवायला निघालो होतो. देवाशपथ निघालो होतो. पण आधी पाणी पाहावं म्हणून काठावर गेलो. पाणी देवळाच्या तिसऱ्या पायरीला होतं. एक अख्खी बाभूळ मुळासकट समोरून गेली, आणि तिच्या फांद्यांत एक वासरू अडकलेलं होतं. मी डोंग्याची साखळी हातात धरली आणि तशीच परत खुंटाला अडकवली. असं मी कधी केलं नव्हतं. याच्यापेक्षा मोठ्या पुरात मी बाळंतीण बाई पलीकडे नेली आहे, तुला माहीत आहे. लोक म्हणतात, गोपाल पाण्याले भेत नाही. त्या दिवशी मी भ्यालो. वय झालं असेल, किंवा ते वासरू दिसलं म्हणून असेल, मला अजून कळत नाही. तुला मधोमध बसवून मी ते पाणी कापतो आहे, असं डोळ्यांपुढं आणायचो, आणि पुढं मला दिसायचं ते फक्त पालथा डोंगा.

मनाशी म्हणालो, बारापर्यंत उतरेल. मग म्हणालो, दोनपर्यंत. घर ते काठ अशा मी चार खेपा केल्या. तुझ्या वावरापर्यंत गेलो नाही, कारण गेलो असतो तर तू म्हणाली असतीस, चला. आणि मला नाही म्हणावं लागलं असतं, तेही तुझ्यासमोर. त्यापेक्षा मी तुला काहीच न सांगणं पसंत केलं. संध्याकाळी तू आलीस, पाय धुतलेस, तेव्हा मी म्हणालो, आत्ताच फोन आला. मैनाबाई दोन वाजताच गेल्या होत्या, ते मला नंतर कळलं.

त्यांना तुझं तोंड पाहायचं होतं. मी भ्यालो म्हणून ते राहून गेलं. पाणीही तेवढं होतंच, नेलं असतं तर कदाचित दोघं बुडालो असतो. कदाचित पोचलो असतो. यातलं कुठलं खरं, हे मला रोज उलटसुलट वाटतं. सकाळी वाटतं बरं केलं, दुपारी वाटतं तुझा गुन्हेगार आहे. पण खोटं बोललो, त्याबद्दल मला सकाळीही वाईटच वाटतं.

तू घरी यावंस असं मला फार वाटतं. तू यावंस असं म्हणायचा मला हक्क आहे का, ते मला माहीत नाही.

आज सांगवीचा बाजार आहे. गोदाबाई शेळी विकायला येणार आहेत. वहीतली गुरुवारची पानं आणि हे पत्र त्यांच्याजवळ देतो. त्या म्हणाल्या, "वाचता येत नाही मले, भेऊ नका." मी म्हणालो, वाचलं तरी चालेल आता.

गोपाल


(त्याच पत्राच्या मागच्या बाजूला, दुसऱ्या अक्षरात)

सांगवी
शनवार, बाजाराचा दिवस

अहो,

वाचलं सगळं. तुमच्यावानी पुस्तकातलं मले लिहिता येत नाही, बोलते तसंच लिहून राहिली. गोदाबाई ओट्यावर चहा पिऊन राहिल्या, तवर लिहिते.

फोन दहा वाजता केला होता, हे मले दादानं आपन पोचलो त्याच दिवशी मायच्या खाटेपाशी सांगतलं. मंग मले वाटलं, तुमी पारावर पत्ते खेळत बसले असान अन् फोनचं इसरून गेले असान. साडेतीन महिने मी तेच धरून बसली. माय मरून राहिली अन् हा मानूस पत्ते पिसून राहिला, असं म्हनून रोज तुमाले शिव्या देल्या. गुरुवारी दोनदा इचारलं, का आता तरी सांगान. तुमी पान्याचं बोलले.

अन् आता हे. त्या शिव्यायचं मी काय करू, मले समजून नाही राहिलं. राग गेला म्हनावं त गेला नाही. मायचं तोंड पाहाचं राहिलं ते राहिलंच. पर ज्या मानसाचा राग होता तो मानूस हा नाहीच.

तुमाले भेव वाटलं, हे तवाच वावरात येऊन सांगतलं असतं, त मीच म्हटलं असतं, नका जाऊ. मी वावराच्या धुऱ्यावर बसून मायसाठी रडली असती, तुमी बाजूले बसले असते. तुमाले त्या पान्यात मी घातलं असतं का? एकतीस वर्सात एवढं बी नाही समजलं?

घरी येईन का नाही, ते आज सांगता येत नाही. उद्या सकाळी डोंगा घाटाले लावा. तिथं उभं राहून पाहीन, मंग जे वाटन ते करीन. ठेकेदार मोकळाच हाये, त्याचं तो पाहीन.

आभाळ भरून आलं हाये. वरतं पानी पडलं अन् नदी चढली, त येऊ नका. भेव वाटते म्हनून सांगून धाडजा. मी थांबीन.

ललिता